येरळेला आठवणारा हात

सोमवारी सकाळी आम्ही कृष्णा बंद केली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोक आम्हाला शिव्या द्यायला लागले.

कृष्णा म्हणजे नदी नव्हे. मिरजेच्या जनडाक केंद्रात, म्हणजे सरकारच्या संगणकी टपालखात्यात, पत्रपेट्या सांभाळणारी तीन सर्व्हर यंत्रं आहेत. ती बसवणाऱ्या कुणा हौशी माणसाने त्यांना आमच्या जिल्ह्यातल्या नद्यांची नावं दिली: कृष्णा, वारणा, येरळा. बाहेरच्या माणसाला ही तीन कधीच दिसत नाहीत. त्याच्यासाठी एकच पत्ता आणि एकच दार. दाराशी बसलेला वितरक नावाचा प्रोग्रॅम ज्या यंत्राला सवड असेल तिकडे त्याला धाडतो. तिन्हींत पत्रं तीच, त्यामुळे आपण कुणाकडे गेलो हे कळायचं कारणच नसतं. एक यंत्र दुरुस्तीला काढलं तर उरलेली दोन भार ओढतात. याला क्लस्टर म्हणतात, आणि कागदावर ही रचना फार सुंदर दिसते.

येरळा तिघींत जुनी आणि संथ. वितरक तिच्याकडे सहसा कुणाला पाठवत नसे. नदीसारखीच तीही वर्षाचा बराच काळ कोरडी. त्या सोमवारी मात्र वारणा आपल्याच गर्दीने भरलेली होती, म्हणून कृष्णेची जवळजवळ सगळी गर्दी येरळेकडे वळली, आणि तिने माणसं दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. पडद्यावर एकच ओळ: ‘तात्पुरती अडचण. पुन्हा प्रयत्न करा.’

“पुन्हा म्हणजे किती वेळा ओ बाई?” लातूरहून एक गृहस्थ फोनवर ओरडत होते. “कोर्टाचं समन्स हाय आत. पेटीत पडलं म्हणजे मला मिळालं, असा तुमचाच कायदा. आन पेटी तर उघडंना. मग मला मिळालं का न्हाई, तेवढं सांगा!”

कायदा खरोखरच तसा होता. समन्स, पेन्शनची पत्रं, जमिनीच्या नोटिसा, परीक्षांचे निकाल, सगळं जनडाकेतच येत होतं आणि पेटीत पडलं की माणसाला पोचलं असं धरलं जात होतं. दार बंद असणं ही आता किरकोळ गैरसोय राहिली नव्हती.

राजोपाध्ये मॅडम आमच्या केंद्रप्रमुख. त्यांच्या खुर्चीमागे ‘शून्य तक्रार केंद्र’ लिहिलेली पितळी ढाल असते. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“खाडे, येरळेच्या परवानगीच्या याद्या शिळ्या झाल्या असणार. ताज्या कर आणि मोकळी हो.”

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी इथे लागले. ‘असणार’ या शब्दावर विश्वास ठेवायची सवय त्या अभ्यासाने मोडली आहे. मी याद्या ताडून पाहिल्या. येरळेच्या याद्या वारणेच्या याद्यांशी तंतोतंत जुळत होत्या. मग घड्याळ. क्लस्टरमधल्या एका यंत्राचं घड्याळ मागेपुढे असलं तर ते चांगले परवानेही मुदतबाह्य ठरवतं. येरळेचं घड्याळ बरोबर होतं. हार्ड डिस्क ठीक, लाइन ठीक. आणि तिच्याकडे गेलेले बहुतेक लोक विनातक्रार आत जात होते, फक्त काहींनाच ती अडवत होती. बिघडलेलं यंत्र निवड करत नाही. येरळा निवड करत होती.

मग प्रश्न बदलला. का अडवते, हे बाजूला ठेवून मी पाहिलं, ती कुणाला अडवते.

परत पाठवलेल्यांची नावं मी पडद्यावर मांडली. वेगवेगळी गावं, वेगवेगळी वयं, पण जवळजवळ प्रत्येक नावापुढे एक खूण होती: ‘चि.’ हे चिरंजीव नव्हेत. आमच्या केंद्राच्या भाषेत चि. म्हणजे चिकटवलेला. ‘पेटी कधी उघडते, कधी नाही’ अशी तक्रार आली की तिन्हींतलं कोणतं यंत्र त्या माणसाला आत घेतं ते बघायचं आणि वितरकाला सांगून त्याला कायमचं त्याच यंत्राला चिकटवून टाकायचं. माणूस खूश, तक्रार बंद, ढाल जागच्या जागी. कारण शोधायला दिवस जातो, चिकटवेपर्यंत चहाही निवत नाही. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात आमच्याकडे हेच शिकवतात.

यादी खाली सरकवताना एक नाव दिसलं. हेमलता खाडे, मिरज.

माझी आई.

तिला चिकटवणाऱ्याचंही नाव शेजारी होतं: पृथ्वीराज गायकवाड. दिवाळीनंतर ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं, तो.

पृथ्वी कँटीनमध्ये भडंगाची पुडी फोडून बसला होता.

“आईला तू चिकटवलंस?”

“काकूंना? हो की. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात. त्यांचा फोन आला, पेटी मधूनच उघडत नाही म्हणून. दिलं चिकटवून कृष्णेला. का गं? सासूबाईंचं काम नको करू?”

“कारण बघितलंस?”

“कारण कोण बघतंय? नावाशेजारी ‘मंद’ अशी खूण आली होती. मंद आलं की विचारायचं नाही, चिकटवायचं. मॅडमचा नियम आहे.”

“मंद म्हणजे काय?”

त्याचा भडंगाचा घास हातातच राहिला. “लाइन मंद असेल. मला काय माहीत!”

“विचारलंस कधी?”

“तू तरी विचारलंस? तूही चिकटवतेसच की रोज.”

हे खरं होतं. खरं होतं म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. पासवर्ड कायद्याने बंद झाले तेव्हा त्यांच्या जागी हस्तलय आली. पेटी उघडताना पडद्यावर एक वाक्य येतं आणि ते तुम्ही टाइप करता. काय टाइप केलं याला महत्त्व नाही, ते समोरच दिसत असतं. महत्त्व आहे ते कसं टाइप केलं याला. प्रत्येक कळ किती वेळ दाबलेली राहते आणि एका कळीवरून दुसरीवर जायला बोट किती वेळ घेतं, या दोन मोजमापांतून प्रत्येक माणसाची एक लय तयार होते. आवाज उसना घेता येतो, चेहरा बनवता येतो, पण ही लय मेंदू, नसा आणि बोटं मिळून घडवतात. ती चोरता आलेली नाही.

पण लय बदलते. माणूस म्हातारा होतो, कीबोर्ड बदलतो, कडेवर मूल घेऊन एका हाताने टाइप करतो. म्हणून यंत्र दर भेटीत तुमच्याकडून थोडं शिकतं आणि तुमच्याबरोबर बदलत जातं. आमच्या तिन्ही यंत्रांनी हे आपापलं शिकायचं ठरलेलं होतं. सुरुवातीला तिन्हींची सरासरी काढून पाहिली होती, पण तिघांच्या आठवणींची सरासरी काढली की जो हात तयार होतो तो कुणाचाच नसतो.

आता चिकटवण्याचा परिणाम बघा. कृष्णेला चिकटवलेला माणूस रोज कृष्णेलाच भेटतो. त्याचा हात बदलत जातो तशी कृष्णा बदलते आणि तिला काहीच वेगळं वाटत नाही, जसं रोज समोर असणाऱ्या माणसाचं वय आपल्याला दिसत नाही. येरळेला मात्र तो कधी भेटतच नाही. तिच्याजवळ त्याचा जुना हात जसाच्या तसा राहतो. कृष्णा बंद झाली, माणूस येरळेसमोर गेला, आणि येरळा म्हणाली: हा तो नव्हे.

येरळेत बिघाड नव्हताच. तिघींत तीच तेवढी खरं बोलत होती.

बंद कृष्णेतल्या नोंदींची प्रत काढून मी दोन्ही यंत्रांतले हात एकमेकांवर ठेवून पाहिले, आधीचा आणि आताचा. बऱ्याच जणांचा बदल एका दिवसात झालेला होता. तिथे फ्रॅक्चर असेल, नवा कीबोर्ड असेल. त्यांच्यापुढे ‘मंद’ नव्हतं. ज्यांच्यापुढे ते होतं त्यांचा बदल सावकाश होता, एकाच दिशेने होता, आणि दोन हातांपैकी एकातच जास्त होता. कळ दाबून धरायचा वेळ लांबत होता आणि मुख्य म्हणजे अनियमित होत चालला होता. प्रोग्रॅममध्ये ‘मंद’ची व्याख्या शोधली तर ती नेमकी हीच निघाली. एम.एस्सी.ला असताना एका व्याख्यानात मी अशीच आकृती पाहिली होती. कंपवातात हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी बोटांच्या वेळा अशा विस्कटतात.

असा बदल साध्या कारणानेही होतो. प्रत्येक ‘मंद’ माणूस आजारी असेल असं नाही. पण ती व्याख्या लिहिणाऱ्याला आपण काय शोधतोय हे नक्की ठाऊक होतं. यादीत तालुक्याच्या गावची एक शाळा भरेल एवढी माणसं होती. त्यांच्यापैकी कुणालाच कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यांची दारं तेवढी गुपचूप उघडून दिली होती.

मी मॅडमच्या खोलीत गेले.

“निघाला मार्ग?”

“मॅडम, मंद म्हणजे काय?”

त्यांनी उठून दार लावलं. मग खुर्चीत बसत म्हणाल्या, “हस्तलय बनवणाऱ्यांनीच कळवलं होतं. समिती बसली. डॉक्टर म्हणाले, खात्री देता येत नाही. वकील म्हणाले, खात्री नसताना सांगितलं तर लोक दावा लावतील, आणि माहीत असून लपवलं तरी लावतील. तेव्हा असं ठरलं की आपल्याला माहीत नाही.”

“पण माहीत आहे.”

“आपण टपाल खातं आहोत, दवाखाना नव्हे. पोस्टमन पत्र टाकतो. घरातल्यांची नाडी बघत बसत नाही.”

“दारात माणूस पडलेला दिसला तर पोस्टमन शेजाऱ्यांना हाक मारतो, मॅडम.”

“आणि नुसताच झोपलेला असला तर? उगाच कुणाच्या घरात रडारड?” त्यांचा आवाज चढला. “तू मला राक्षसीण समजू नकोस. चिकटवायचा नियम मी भांडून करून घेतला. नाहीतर ही सगळी माणसं आज दाराबाहेर असती. पेन्शन नाही, समन्स नाही. तेवढं तरी श्रेय दे.”

एखाद्या दुष्ट बाईवर रागावणं सोपं गेलं असतं. या बाईने लोकांसाठी भांडण केलं होतं आणि नेमकं चुकीचं भांडण जिंकलं होतं.

“यादीत माझी आई आहे,” मी म्हटलं.

त्या जरा हळू बोलल्या, “घरी जाऊन सांग तिला. त्याला कुणाची मनाई नाही.”

“बाकीच्यांच्या घरी कोण जाणार?”

“दुरुस्ती संपली की कृष्णा सुरू होईल, खाडे. तक्रारी थांबतील.” एवढं बोलून त्यांनी समोरची फाइल उघडली.

आईने आयुष्यभर मिरज स्टेशनजवळ टंकलेखनाची संस्था चालवली. संस्था बंद झाली तरी हात थांबले नाहीत. यंत्राने उतरवून काढलेल्या साक्षींत फेरफार सापडल्यापासून कोर्टात माणसाच्या हाताने टाइप केलेलीच साक्ष चालते, आणि ती कुणी टाइप केली हे हस्तलयीवरून ठरतं. आईची लय ही तिची सही होती आणि तिची रोजीरोटीही.

मी घरात पाऊल टाकलं तशी ती कडाडली. “ईशू, तुमच्या त्या डब्यानं आज मला चारदा हाकललं! जिल्हा कोर्टाची साक्ष पाठवायची आहे. काय लावलंय काय तुम्ही लोकांनी?”

“आई, तुझा डावा हात जड वाटतो का गं कधी?”

“जड काय वाटायचंय? वय झालं. विषय बदलू नकोस.”

मी विषय बदलला नाही. सगळं सांगितलं. कृष्णा, येरळा, मंद, समिती. ती ऐकत गेली तशी तिच्या कपाळावरची शीर दिसायला लागली.

“म्हणजे त्या डब्याला कळलं,” ती शेवटी म्हणाली.

“कळलं असं नाही, पण...”

“आणि तुला कळलं नाही? रोज समोर बसून जेवतेस माझ्या. भाकरी थापताना माझा हात रेंगाळतो, ते तुला दिसलं नाही?”

“तुला दिसलं होतं?”

“मी स्वतःला सांगितलं, तवा तापला नाही.” तिने टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि आपटली. संस्थेत याच पट्टीने ती ताल द्यायची. “आणि तो पृथ्वी? त्याला ठाऊक होतं?”

“त्याला खूण ठाऊक होती. अर्थ नव्हता.”

“वा! अर्थ न विचारता कामं उरकणारा जावई मिळवलास. मी म्हटलं, ईशूच्या ऑफिसात ओळखीनं पटकन काम होतं, किती बरं! पेढे दिले मी त्याला.”

ती उठली आणि कोपऱ्यातल्या जुन्या टाइपरायटरवरचं कापड तिने ओढून काढलं. आमच्या मराठी टाइपरायटरच्या मधल्या ओळीत एक सबंध शब्द बसतो, बोटं जागेवरून हलवावीच लागत नाहीत. तिच्या संस्थेत प्रत्येक पोराचा पहिला शब्द तोच असायचा. सरकार. स, र उजव्या हाताने, क डाव्या हाताने, काना आणि र पुन्हा उजव्या हाताने.

“ऐक,” ती म्हणाली, आणि तिने तो टाइप केला.

स, र, मग एक बारीकसा खड्डा, मग क.

मला ऐकू आलं. तिला तर नक्कीच आलं. पोरांच्या घोळक्यातून नेमक्या चुकणाऱ्या बोटाचा आवाज ओळखणारे कान ते. तिने पुन्हा टाइप केला, मग पुन्हा, एखाद्या आळशी पोराला शिक्षा करावी तशी ती स्वतःच्या हाताला राबवत राहिली. कागदाची पूर्ण ओळ भरली. क प्रत्येक वेळी उशिरा आला, आणि उशीरही कधी एवढा, कधी तेवढा.

तिने टाइपरायटरवर कापड टाकलं. रडेल असं मला वाटलं, पण तिचे डोळे कोरडे आणि भयंकर होते.

“शिकलगार डॉक्टरांची वेळ घे. आणि त्या यादीतल्या बाकीच्यांना कोण सांगणार?”

“मॅडम म्हणतात...”

“मॅडमचं राहू दे. मी तुला विचारतेय. त्यांच्या घरी पोरगी नाही तिथं कामाला.”

मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये हाच हिशेब मांडत गेले. लोकांना येरळेकडे वळवलं तर सत्य कळेल, पण दार बंद होईल. कृष्णेवरच ठेवलं तर दार उघडेल, पण सत्य कळणार नाही. दोन्ही एकत्र हवं होतं. लोकांच्या पेटीत मला पत्र टाकता येत नाही, येऊही नये. लोकांचे पत्ते घेऊन घरोघर कळवणं हा गुन्हा ठरला असता. पण प्रवेशाच्या अडचणी सोडवणाऱ्या इंजिनिअरला एक गोष्ट करता येते: दारावरचा मजकूर बदलता येतो. तो कुणाला दाखवायचा हेही ठरवता येतं. ‘मंद’ असलेल्यांना आधी तो दाखवायचा आणि कृष्णा सुरू झाली की तिच्याकडून आत सोडायचं. अट एकच. दोन इंजिनिअरांनी एकामागून एक आपापल्या हाताने पुष्टीचं वाक्य टाइप करायचं. बदल करताना दोघं लागतात आणि काढताना पुन्हा दोघं.

मी मजकूर लिहिला आणि पृथ्वीसमोर ठेवला.

‘तुमची पत्रं सुरक्षित आहेत आणि दार उघडणार आहे. त्याआधी एक गोष्ट. टाइप करताना तुमच्या हाताची लय गेल्या काही काळात सावकाश बदलली आहे. असं साध्या कारणानेही होतं. काही वेळा ती मेंदूच्या किंवा नसांच्या आजाराची सुरुवात असते. तुमच्या बाबतीत काय आहे, हे आम्हाला ठाऊक नाही. मेंदूविकारतज्ज्ञांना हात दाखवा. हे आम्ही तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.’

त्याने दोनदा वाचलं.

“मेंदूविकारतज्ज्ञ नको. घाबरतील लोक. डॉक्टर म्हण.”

“बरं.”

“आणि हे शेवटचं वाक्य. ‘आम्ही’ म्हणजे कोण?”

“तू, मी, मॅडम. ज्यांनी ज्यांनी चिकटवलं ते.”

“नोकरी जाईल, ईशू.”

“हो.”

“दोघांची. हॉलचे पैसे भरलेत गं. आमचे आबा काय म्हणतील?”

“आबांचं नाव यादीत असतं तर काय म्हणाले असते?”

“हे बरोबर नाही. असं कोंडीत धरू नकोस मला.”

“मग कसं धरू? दीड वर्ष झालं, पृथ्वी. औषधं तेव्हाच सुरू झाली असती. तू तिचे पेढे खाल्लेस.” मला ओरडायचं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

तो पांढराफटक पडला. मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि पुष्टीचं वाक्य टाइप केलं. दाण दाण, प्रत्येक कळ जणू कुणाच्या तरी डोक्यात हाणत. इतक्या रागाने टाइप केलेला हात वारणा ओळखेल की नाही अशी मला शंका आली. तिने ओळखला. मग मी टाइप केलं.

दुपारपर्यंत भिंतीवरचा तक्रारींचा आकडा धावायला लागला. फोन घेणारे लोक एकमेकांकडे बघत राहिले. मॅडम खोलीतून आल्या त्या सरळ माझ्यासमोर.

“काय केलंस हे?”

“प्रवेशाची अडचण सोडवली.”

“घरी जा. दोघंही. चौकशी होईपर्यंत पाय ठेवायचा नाही इथे.”

घरी येऊन मी सवयीने माझी पेटी उघडायला गेले. कृष्णा सुरू झाली होती, तिन्ही यंत्रं मला जन्मापासून ओळखत असल्यासारखी ओळखत होती. पडद्यावर ओळ आली: ‘तात्पुरती अडचण. पुन्हा प्रयत्न करा.’ माझ्यापुरतं दार त्यांनी बंद केलं होतं, आणि त्यावर जुनंच खोटं लावलं होतं.

मेंदूविकारतज्ज्ञ शिकलगार डॉक्टरांची ओपीडी पुढच्या आठवड्यात व्हरांड्यापर्यंत भरलेली होती. आईला त्यांनी आदल्या भेटीतच तपासलं होतं. सुरुवात आहे, ते म्हणाले, फार चांगल्या वेळी आलात असं नाही, पण उशीरही झालेला नाही. औषध आणि रोजचा व्यायाम सांभाळला तर हात बरीच वर्षं तुमचं ऐकेल. आज ते औषध सोसतंय ना हे दाखवायला आम्ही आलो होतो. बाकावर पृथ्वीही होता. आईने अजून त्याला माफ केलं नव्हतं, पण केस पेपर काढायच्या रांगेत तिने त्यालाच उभं केलं होतं.

शेजारी जतकडचे एक शिक्षक बसले होते. त्यांनी आईला विचारलं, “तुम्हालाबी दारावर लिहून आलं का?”

“आलं की. आमच्या पोरीनंच लिहिलंय ते.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आभार मानावेत की भांडावं हे त्यांचं ठरत नव्हतं. “आधी का नाही लिहिलं?”

“तेच तर,” आई म्हणाली. “हात बघू तुमचा. कुठलं बोट?”

मग पलीकडच्या बाई सरकून आल्या. मग आणखी कुणी. व्हरांड्यात दारावरचं वाचून आलेली बरीच माणसं होती आणि सगळीच रागावलेली होती, पण आपापल्या खुर्चीत, एकेकटी. आईने पिशवीतून पट्टी काढली. ती पिशवीत आहे हे मला माहीत नव्हतं.

“मांडीवर कीबोर्ड आहे असं समजा. डावीकडची बोटं इथं, उजवीकडची इथं. शब्द एकच. सरकार. माझ्या पट्टीबरोबर. न येणाऱ्यांनी नुसती बोटं आपटा.”

“काकू, हा दवाखाना आहे,” पृथ्वी कुजबुजला.

“गप्प बस आणि आपट.”

पट्टी बाकावर पडली आणि व्हरांड्यातल्या मांड्यांवर, फायलींवर, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या हातांवर बोटं आपटायला लागली. आधी चोरटेपणाने, मग जोरात. शिपाई आला आणि दारातच थांबला.

माझा फोन वाजला. राजोपाध्ये मॅडम.

“खाडे, तो मजकूर काढायचाय. वरून आदेश आहे.”

“काढा की, मॅडम.”

“दोन हात लागतात, तुला माहीत आहे.” त्या पुढे म्हणाल्या, “इथल्या एकाच्या हाताला प्लास्टर आहे म्हणे. दुसऱ्याचा आखडलाय. तिसऱ्याची बोटं सकाळपासून बधिर आहेत. सगळ्यांना एकदम झालंय.” त्यांच्या आवाजात थकवा होता. “तुझा आणि गायकवाडचा प्रवेश तासाभरासाठी सुरू करते. या, काढा. निलंबन मागे घेऊ. नोंदही राहणार नाही.”

मी पृथ्वीकडे बघितलं. फोनमधला आवाज त्याच्यापर्यंत पोचला होता. त्याने नकारार्थी मान हलवली आणि तो मांडीवर बोटं आपटत राहिला.

“खाडे? ऐकतेस ना?”

मी फोन कानापासून काढला आणि व्हरांड्याकडे धरला. शंभरेक बोटं एकाच शब्दावर आपटत होती आणि प्रत्येक खेपेला कुणाचं ना कुणाचं एखादं बोट उशिरा पडत होतं. त्या उशिराचाही आता एक वेगळा आवाज झाला होता.

आईने पट्टी वर उचलली. सगळे थांबले.

“क उशिरा येतोय,” ती म्हणाली. “पुन्हा.”